रिकाम्या खुर्चीत कोण बसलं आहे?

१

अमरावतीत एका संस्थेनं पोरांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. विषय : मनाचं आरोग्य. तिवश्यातून आम्ही चौघं गेलो. शिबिर घेणारे गृहस्थ बाहेरून आलेले, शिकलेले, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलच्या मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, तुमचा ज्याच्यावर राग आहे त्याला या खुर्चीवर बसवा, आणि बोला त्याच्याशी.

आमच्यातला एक पोरगा उठला. त्याला महिनाभर आधी शहरात खोली नाकारली होती. भाडं ठरलं, लाईट बिलाचं ठरलं, पंखा कोणाचा तेही ठरलं. निघता निघता मालकानं विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" यानं सांगितलं. मग मालकाला एकदम आठवलं की त्याचा भाचा राहायला यायचा आहे.

पोरगा खुर्चीसमोर उभा राहिला. शब्द फुटेना. "तुमी... तुमचा भाचा..." एवढंच. गृहस्थ म्हणाले, ठीक आहे, आता तुम्ही त्या खुर्चीवर बसा. मालक व्हा. बोला.

मित्रांनो, तो बसला आणि धडाधड बोलू लागला. "तसं काही नाही हो, आम्ही नाही मानत जातपात. पण बाकी भाडेकरू असतात, घरात म्हाताऱ्या माणसांचं सोवळं असतं. तुम्ही त्या तिकडे तुमच्या लोकांत पाहा ना, तुम्हालाच बरं पडंल." एका शब्दाला अडखळला नाही. मान कशी तिरपी करायची, चष्मा कसा पुसायचा, सगळं हुबेहूब. हॉलमध्ये हसू फुटलं. तो हसला नाही.

स्वतःचं बोलणं त्याला येत नव्हतं. मालकाचं पाठ होतं.

शेवटी गृहस्थ म्हणाले, "बघा, हे दोन्ही आवाज तुमचेच आहेत. दोघांचीही जबाबदारी घ्या, मोकळे व्हाल." येताना मोझरीच्या अलीकडे यष्टीत तो इतकंच बोलला, "काऊन बे, थो मालकबी मीच काय? मंग भाचा कोनाचा?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

२

त्या खुर्चीच्या मागं एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राच्या मागं एक तत्त्वज्ञान आहे. शास्त्राचं नाव गेस्टाल्ट थेरपी. तत्त्वज्ञानाचं नाव अस्तित्ववाद. दोन्ही नावं ऐकून आपले कार्यकर्ते म्हणतात, हे पांढरपेशांचे चोचले आहेत. मीही म्हणत होतो. वाचल्यावर ध्यानात आलं की यातलं काही आपल्या घरचं आहे आणि काही आपल्याविरुद्ध आहे. दोन्ही वेगळं करून पाहिलं पाहिजे. न वाचता नाकारणं हा विद्रोह नव्हे, आळस आहे.

गेस्टाल्ट हा जर्मन शब्द. अर्थ : पूर्ण आकृती. वेर्टहायमर, कोहलर, कोफ्का या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला सांगितलं की माणूस जग तुकड्यातुकड्यानं पाहत नाही, आकृती म्हणून पाहतो. शेताच्या धुऱ्यावरचा पळस दिसतो, कारण मागं उघडी जमीन असते. पळस ही आकृती, जमीन ही पार्श्वभूमी. एकीशिवाय दुसरी दिसत नाही. पुढं आकृती कोणती होईल हे गरज ठरवते. तहानलेल्याला भरल्या बाजारात आधी पाणी दिसतं. पाणी प्यायलं की ती आकृती विरते आणि दुसरी पुढं येते. हे चक्र चालू राहिलं की माणूस ठीक असतो.

आणि पाणी पिऊच दिलं नाही तर?

ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईनं बर्लिनमध्ये यावर प्रयोग केले. माणसांना कामं दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच तोडली. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा तोडलेली कामं त्यांना जास्त आठवत होती. पुढं त्या निष्कर्षावर वाद झाले, पण गेस्टाल्ट थेरपीचा पाया तिथं आहे : अर्धवट राहिलेलं सुटत नाही. झायगार्निकचा प्रबंध छापला गेला १९२७ साली.

१९२७ म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं. १९०१ सालच्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यात वडिलांना भेटायला निघालेली लहान पोरं बैलगाडीत रात्रभर तहानलेली राहिली. डबा जवळ होता, पाणी कोणी दिलं नाही. त्या पोरांत एक भीमराव होता. हे त्यानं पुढं स्वतः लिहून ठेवलं. आणि २० मार्च १९२७ ला तोच माणूस महाडच्या चवदार तळ्यावर उतरला आणि ओंजळीनं पाणी प्याला. मी असं म्हणत नाही की महाड हा एका माणसाच्या बालपणीच्या तहानेवरचा उपचार होता. असं म्हणणं हा महाडचा अपमान होईल. मी उलटं म्हणतो : अर्धवट राहिलेली तहान एकट्यानं पुरी करता येत नाही हे त्या माणसाला कळलं होतं. म्हणून तो हजारो लोक घेऊन तळ्यावर गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो आपल्या अमरावतीत आला, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून. आणि २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती जळाली.

त्याच १९२७ मध्ये जर्मनीत मार्टिन हायडेगरचं 'अस्तित्व आणि काळ' हे पुस्तक आलं. अस्तित्ववादाच्या सगळ्या वाटा पुढं त्या पुस्तकाजवळून जातात. माणूस बहुतेक वेळ 'लोक म्हणतात' तसं जगतो, त्यातून बाहेर पडून त्यानं स्वतःचं खरं जिणं जगावं, असा त्याचा सांगावा. मोठा सांगावा आहे. पण १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि खऱ्या जिण्याचा हा आचार्य नाझी पक्षाचा सभासद झाला. त्याच वर्षी फ्रिट्झ पर्ल्स नावाचा एक ज्यू डॉक्टर बायकोलेकरासह जर्मनीतून जीव घेऊन पळाला. तोच पुढं गेस्टाल्ट थेरपीचा जनक झाला.

या तत्त्वज्ञानाला जन्मापासूनच दोन खुर्च्या आहेत हे लक्षात ठेवा.

३

पर्ल्स १८९३ चा, बर्लिनचा. पहिल्या महायुद्धात खंदकात राहिलेला. मनोविश्लेषण शिकलेला, म्हणजे फ्रॉइडच्या वाटेवरचा. फ्रांकफुर्टमध्ये गोल्डश्टाइन या डॉक्टरकडं तो मेंदूला मार लागलेल्या सैनिकांवर काम करत होता. त्याची बायको लॉरा हिनं मार्टिन बुबर आणि पॉल टिलिख यांची व्याख्यानं ऐकली होती. बुबर सांगत होता : माणूस दुसऱ्याला 'ते' मानतो तेव्हा स्वतःही वस्तू होतो, दुसऱ्याला 'तू' म्हणतो तेव्हाच 'मी' तयार होतो. जर्मनीतून हॉलंड, तिथून १९३४ साली दक्षिण आफ्रिका, १९४६ ला न्यूयॉर्क, असा या जोडप्याचा प्रवास. १९५१ साली पर्ल्स, हेफरलाइन आणि पॉल गुडमन या तिघांचं 'गेस्टाल्ट थेरपी' हे पुस्तक निघालं. लॉरानं पुढं सांगितलं आहे की आधी या पद्धतीला अस्तित्ववादी थेरपी म्हणायचं ठरत होतं. पण तेव्हा अस्तित्ववाद म्हटलं की लोकांना सार्त्र आणि शून्यवाद आठवायचा, म्हणून नाव बदललं. बारसं दुसरं, रक्त तेच.

रक्त कोणतं? थोडक्यात सांगतो. अस्तित्ववाद म्हणतो, माणूस आधी असतो आणि मग स्वतःला घडवतो. त्याचा स्वभाव कुठल्या पोथीत आधी लिहिलेला नसतो. गेस्टाल्ट थेरपी म्हणते, तू 'असाच' आहेस असं म्हणू नकोस, तू आत्ता काय करतो आहेस ते बघ. अस्तित्ववाद म्हणतो, निवड टाळणं हीही निवडच. गेस्टाल्ट म्हणते, 'मला जमत नाही' ऐवजी 'मी करत नाही' असं म्हणून पाहा. अस्तित्ववाद सिद्धांतापेक्षा जगण्याच्या अनुभवावर भर देतो. गेस्टाल्ट म्हणते, तुझी कहाणी राहू दे, तुझी मूठ आत्ता का आवळली आहे ते सांग. तत्त्ववेत्ते जे पुस्तकात म्हणत होते ते पर्ल्सनं खुर्चीवर आणून बसवलं. खुर्चीची युक्ती त्यानं मोरेनोच्या मनोनाट्यातून घेतली, पण जगभर ती पोहोचवली त्यानं. हा त्याचा मोठेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

मग त्याला गर्व झाला. उतारवयात तो म्हणू लागला की बाकीचे सगळे अस्तित्ववादी कशाचा ना कशाचा टेकू घेतात : बुबर ज्यू धर्माचा, टिलिख प्रोटेस्टंट पंथाचा, सार्त्र साम्यवादाचा. आपली गेस्टाल्ट तेवढी स्वतःच्या पायावर उभी. रोग्यालाही तेच सांगणं : आजूबाजूचा आधार सोड, स्वतःचा आधार हो. १९६४ पासून तो कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यावरच्या एसालेन नावाच्या आश्रमवजा संस्थेत राहिला. तिथं खातीपिती माणसं दोन-चार दिवसांसाठी येत, खुर्चीवर बसत, रडत, मोकळी होत. तू तुझं बघ, मी माझं बघतो, जमलं तर ठीक, अशा अर्थाची त्याची एक प्रार्थना अमेरिकेत घरोघर भिंतीवर लागली. १९७० साली तो वारला.

ज्याचं घर आहे, जमीन आहे, नाव विचारल्यावर ज्याला कोणी बाहेर काढत नाही, त्याला ती प्रार्थना पुरते. आपल्याला पुरत नाही. पण त्यातलं जे आपल्याला पुरतं ते आधी घेऊ.

४

पर्ल्सचं पहिलं पुस्तक १९४२ साली आफ्रिकेत निघालं. त्यात दातांचा आणि चावण्याचा मोठा विचार आहे. मूल दूध गिळतं, मग त्याला दात येतात आणि ते चावू लागतं. मनाचंही तसंच. जे दुसऱ्यानं भरवलं ते न चावता गिळलं तर ते अंगी लागत नाही, आत तसंच पडून राहतं आणि परक्यासारखं आतून हुकूम करतं. त्या हुकूम करणाऱ्याला पर्ल्स वरचा कुत्रा म्हणतो. आणि जो आतून 'हो हो' म्हणतो, सबबी सांगतो, काम बिघडवतो, तो खालचा कुत्रा.

मित्रांनो, आपल्या आज्यापणज्यांना काय गिळायला लावलं होतं ते मी सांगायला पाहिजे का? जोहार. पायरी. मागच्या जन्मीचं पाप. शिबिरातला पोरगा मालकाची भाषा घडाघडा बोलला ती कुठून आली? त्यानं ती पाठ केली नव्हती. ती गिळलेली होती. म्हणून २५ डिसेंबर १९२७ हा नुसता निषेध नव्हता. तो घशात अडकलेलं ओकून टाकण्याचा दिवस होता.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. गेस्टाल्टवाले शिकवतात : 'माणसाला वाटतं', 'असं होतं' असं लांबून बोलू नका, 'मी' म्हणा. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा काढून पाहा. 'मी' आहे. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. आधी नकार, मग स्वीकार, शेवटाकडं नवा जन्म. एसालेनला एकेक माणूस खुर्चीवर बसून 'मी' म्हणायला शिकत होता, त्याच्या कितीतरी आधी नागपुरात लाखो माणसं उभी राहून एका आवाजात 'मी' म्हणाली होती. जगाच्या इतिहासात एवढ्या माणसांनी एका दिवशी 'मी' म्हटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आमच्या आजीला सही येत नव्हती. पण ते 'मी' तिला तोंडपाठ होतं.

फरक इथं आहे. पर्ल्सचं 'मी' समूहातून सुटण्यासाठी आहे. आपलं 'मी' समूहात जन्मलेलं आहे. बुद्धानं स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितलं आणि त्याच बुद्धानं संघ काढला. दोन्ही एकाच माणसानं केलं, यात विसंगती नाही.

५

आता आपल्या साहित्याकडं येतो. माझं म्हणणं असं की दलित साहित्यानं ही खुर्ची कोणाकडून उसनी घेतली नाही. ती आपल्याकडं आधीपासून होती, आणि आपल्या लेखकांनी ती पर्ल्सपेक्षा जास्त प्रामाणिकपणे वापरली. तीन पुस्तकं घेतो.

पहिलं, बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. त्याच साली 'कोसला' आली. मराठी समीक्षेनं 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरात अस्तित्ववाद शोधला आणि तो तिथं आहेही. कादंबरी मोठी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण सांगवीकराला शहराचा वीट आला तर परत जायला घर आहे, गाव आहे. बागुलांच्या कथेतला माणूस नोकरीसाठी परमुलखात येतो आणि त्याला खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. सार्त्रनं आत्मवंचना नावाचा एक विचार मांडला आहे : माणूस स्वतःशी खोटं बोलतो, भूमिकेत इतका शिरतो की आपण स्वतंत्र आहोत हे विसरतो. त्याचं उदाहरण हॉटेलातल्या वेटरचं आहे. पण बागुलांचा नायक स्वतःशी खोटं बोलत नाही. तो प्रत्येक क्षणी जाणतो की आपण चोरलं आहे. त्याचं खोटं हे आत्मवंचना नव्हे, ते खोलीचं भाडं आहे. आणि त्याच कथेत काशीनाथ आहे, जो जात उघड सांगतो आणि भांडायला उभा राहतो. एक लपवणारा, एक सांगणारा. या झाल्या दोन खुर्च्या. शेवटी मार खाऊन नायक म्हणतो त्याचा मतलब असा, की मला या माणसांनी मारलं नाही, मला मनूनं मारलं. इथं बागुल पर्ल्सच्या पुढं गेले. पर्ल्स म्हणाला असता, मनू तुझ्या आत आहे. बागुल म्हणतात, आत आहे तसा तो या लोकांच्या हातातही आहे.

दुसरं, दया पवारांचं 'बलुतं', १९७८. पुस्तकाची मांडणीच अशी की दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघं एकच. एक महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला; दुसरा शिकलेला, नोकरदार, कवी. रिकामी खुर्ची याहून वेगळी काय असते? पण एक बारीक गोष्ट पाहा. गेस्टाल्टच्या खुर्चीत दोघांना बोलावं लागतं, भांडावं लागतं, मग समेट होतो. 'बलुतं'त दगडूच बोलतो. दया जवळजवळ गप्प आहे. शिकलेल्या माणसाकडं दगडूला द्यायला उत्तर नाही. काही समीक्षकांना ही मांडणी म्हणजे निवेदनाची क्लृप्ती वाटली. मला ती कबुली वाटते. पुस्तक आलं तेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक रागावले होते, ही घाण कशाला उकरता म्हणून. ते सगळे दया होते आणि त्यांना दगडूला बोलू द्यायचं नव्हतं. मात्र एक उणीव मी सांगणार. दयाचं गप्प राहणं पुस्तकाला खरं ठेवतं, पण वाचणाऱ्या पोराला दोघांच्या मध्येच सोडून जातं. शरमेचं काय करायचं, हा प्रश्न 'बलुतं' विचारतं आणि तिथंच थांबतं.

तिसरं, कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', १९८१. त्या आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या. पर्ल्सनं मनाचे पाच थर सांगितले : वरचा खोटा औपचारिकपणाचा थर, मग भीतीचा, मग कोंडीचा, मग माणूस आतल्या आत दाबला जातो तो अंतःस्फोटाचा थर आणि शेवटी स्फोटाचा. कुमुदताईंनी पर्ल्स वाचला होता की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. शब्द त्यांनी स्वतःच्या जगण्यातून काढला. ज्या भाषेचा शब्द कानी पडू नये म्हणून शिसं ओतायच्या आज्ञा लिहून ठेवल्या होत्या, ती संस्कृत भाषा त्या शिकल्या, एम. ए. झाल्या. कॉलेजात खुर्ची रिकामी होती. खरीखुरी, लाकडाची. कुमुद सोमकुंवर या नावाला ती मिळाली नाही. आंतरजातीय लग्न झालं, नाव कुमुद पावडे झालं, आणि थोड्याच महिन्यांत सरकारी कॉलेजात नेमणूक झाली. बाई तीच. पदवी तीच. संस्कृत तेच. आकृतीत एका रेघेचा फरक नाही. बदलली ती पार्श्वभूमी. आणि कुमुदताईंचं मोठेपण हे की त्यांनी हे श्रेय आडनावाला देऊन टाकलं आणि मागं राहिलेल्या सोमकुंवरांच्या पोरीला विसरल्या नाहीत. गेस्टाल्टचा सगळा सिद्धांत त्या एका अनुभवात आहे, आणि गेस्टाल्ट थेरपीची सगळी मर्यादाही.

६

मर्यादा कोणती ते आता सरळ सांगतो.

एक. पर्ल्स म्हणायचा, 'कसं' विचारा, 'का' विचारू नका. 'का' विचारलं की माणूस सबबी सांगत बसतो. पोटभरल्या माणसाच्या बाबतीत हे खरं असेल. पण बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला त्यात जातीची यंत्रणा कशी चालते हेही आहे आणि ती कशातून जन्मली हेही आहे. 'कसं' आणि 'का' दोन्ही. बुद्धाची स्मृती म्हणजे आत्ताचं भान. ते पर्ल्सला झेनमधून मिळालं. पण बुद्धाचा कार्यकारणभाव त्यानं घेतला नाही. हे आहे म्हणून ते आहे. हे गेलं तर ते जाईल. 'का' काढून घेतलं की बुद्धाचा पडतो अफूवाला बाबा.

दोन. पार्श्वभूमी. पर्ल्स दक्षिण आफ्रिकेत बारा वर्षं राहिला. जोहान्सबर्गला त्याचं मोठं आधुनिक घर होतं, टेनिसचं मैदान होतं, पोहायचा हौद होता. समग्रतेचा विचार त्यानं तिथं यान स्मट्सकडून उचलला. समग्रवादाला इंग्रजीत जे नाव आहे ते स्मट्सनंच १९२६ साली पुस्तक लिहून रूढ केलं. हा स्मट्स त्या देशाचा पंतप्रधान होता आणि गोऱ्याकाळ्यांना वेगळं ठेवण्याच्या धोरणाचा माणूस होता. बहुसंख्य काळ्यांसाठी १९१३ च्या कायद्यानं सुमारे ७ टक्के जमीन राखली, १९३६ मध्ये ती सुमारे १३ टक्के झाली. काळ्या माणसाला शहरात फिरायला पास लागत होता. विश्व एक आहे, अखंड आहे असं पुस्तक लिहायचं आणि माणसांचे तुकडे करायचे. हे आपल्याला नवीन नाही. सर्वांभूती एकच ब्रह्म म्हणायचं आणि विहिरीवर दोन रहाट ठेवायचे, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. म्हणून कोणी 'अखंड', 'समग्र' म्हणू लागला की मी आधी विचारतो : आणि जमीन कोणाच्या नावावर आहे?

तीन. जबाबदारी. अस्तित्ववादाचा हा सर्वांत जड शब्द. सार्त्रचं ज्यूंच्या प्रश्नावरचं पुस्तक १९४६ साली निघालं, त्यात त्यानं कबूल केलं की ज्यूनं आपलं ज्यूपण खंबीरपणे स्वीकारलं तरी प्रश्न सुटत नाही. द्वेष करणाऱ्यांचा समाज बदलावा लागतो. स्वातंत्र्य नेहमी परिस्थितीत असतं हे सार्त्र विसरत नाही. पर्ल्सनं स्वातंत्र्य घेतलं आणि परिस्थिती कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सोडून दिली.

हे ज्याला लख्ख दिसलं तो फ्रांझ फॅनन. काळा माणूस, मानसरोगाचा डॉक्टर, सार्त्र वाचून वाढलेला. १९५२ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की गोऱ्या पोराचं एक बोट त्याच्याकडं वळतं आणि त्याचं अंग त्याचं राहत नाही. तो अल्जीरियातल्या वेड्यांच्या इस्पितळात उपचार करत होता. १९५६ साली त्यानं राजीनामा दिला, कारण ज्या समाजात माणूस आपल्याच देशात परका आहे तिथं उपचार करून त्याला त्याच समाजात परत बसवायचं म्हणजे काय? १९५६. तिकडं फॅनननं इस्पितळ सोडलं, इकडं बाबासाहेबांनी धर्म सोडला. दोघांचं निदान एक : रोग एकट्या रोग्यात नाही.

आता यष्टीतल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मालक तू नाहीस. त्याचा आवाज तुझ्या आत आहे, तो तू ओकून टाकायचा आहेस, आणि ती जबाबदारी तुझी. पण मालक शहरात आहे, भाचा कधीच येणार नव्हता, आणि ती जबाबदारी मालकाची, कायद्याची आणि आपल्या सगळ्यांची. हे दोन हिशेब एका वहीत लिहायचे नाहीत.

७

पण मित्रांनो, आपल्या बाजूलाही मी सोडणार नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले, काढायलाच पाहिजे होते. पण आपल्या वस्तीत, आपल्या होस्टेलात जो पोरगा आठ दिवस जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, त्याला आपण काय म्हणतो? "काय बे, बाबासाहेबाचा पोट्टा अन् रडतं?" म्हणजे आपणच वरचा कुत्रा होतो. निळा झेंडा हातात घेऊन माणसाला गप्प बसवतो. दगडूला बोलू न देणारे दया आपल्यात आजही आहेत, आणि पुष्कळदा तेच माईकवर असतात.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मागच्या दशकात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना थोडं शिकवून त्यांनी घरोघर जायचं, उदास माणसाशी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरकडं न्यायचं. २०१७ साली त्याचा अहवाल छापला गेला. आधी उदासीच्या रोग्यांपैकी १०० तले सुमारे ४ मदत घेत होते. दीड वर्षानं २७ घेऊ लागले. कर्जाचा आणि कापसाच्या भावाचा प्रश्न त्यानं सुटला असं कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली : आपला माणूस बोलायला तयार आहे, ऐकणारा दारात आला पाहिजे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तर घ्यायचे. बुबरचं 'मी आणि तू' ते हेच. ते वऱ्हाडात खराट्यासकट होऊन गेलं.

म्हणून आम्ही तिवश्यात एक सुरू केलं. रविवारी वंदना झाली की विहारात सतरंजीवरच बसायचं. खुर्ची नाही. ज्याला बोलायचं त्यानं 'मी' म्हणून बोलायचं. बाकीच्यांनी उपदेश करायचा नाही, घोषणा द्यायची नाही. त्याचं झालं की 'का' विचारायचं, सगळ्यांनी मिळून. आणि शेवटचा नियम, जो पर्ल्सच्या पुस्तकात नाही : बोलून झाल्यावर दोघांनी त्याच्यासोबत जायचं. तलाठ्याकडं असो, कॉलेजात असो, दवाखान्यात असो. आतलं विहारात, बाहेरचं बाहेर. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला मधला शब्द आपण नुसता सभेसाठी ठेवला होता. तो माणसाच्या मनासाठीही आहे.

तो पोरगा तिसऱ्या रविवारी बोलला. अर्धा तास बोलला. या वेळी मालकाचं नाही, स्वतःचं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं त्याच्यासोबत खोली पाहायला गेलो. दारात उभा राहून त्यानं आधी पूर्ण नाव सांगितलं, मग भाडं विचारलं. तीन घरी नाही म्हणाले. चौथ्या घरी खोली मिळाली.

ती तीन घरं आमच्या लक्षात आहेत. तिथलं काम अर्धवट आहे.

जय भीम.